उष्टावण : घास मोठ्यांचा, हात बाळाचा

बाळाने पहिले अन्न स्वहस्ते खावे, हा आग्रह अलीकडचा. उष्टावणात मात्र घास मोठ्यांनीच भरवायचा. आश्वलायन गृह्यसूत्र सहाव्या महिन्यातील या संस्कारासाठी पुष्टी हवी तर बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चस हवे तर तित्तिराचे, तेज हवे तर तूपभात सांगते. इच्छा अर्थात पालकांची. बाळाला कोण विचारतो!

रत्नागिरी जिल्ह्यात १८८० साली जन्मलेल्या पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) या विधीची वचने एकत्र केली. त्यांत १२व्या शतकातील कोकणचा शिलाहार राजा अपरार्क याने उद्धृत केलेली एक मोकळीक आहे. घास भरवून झाल्यावर बाळासमोर पुस्तके, शस्त्रे, अवजारे मांडावीत. ते ज्याला प्रथम हात लावील, ती त्याची उपजीविका.