फॅरेडे आणि फिरणारे मेज

१/ १८५३ चा उन्हाळा. लंडनच्या दिवाणखान्यांत एका नव्या छंदाने धुमाकूळ घातला होता. माणसे मेजाभोवती बसत, त्यावर तळहात टेकवत आणि वाट पाहत. काही वेळाने मेज सरकू लागे. कोणी म्हणे, हे मृतात्म्यांचे काम. कोणी म्हणे, विजेचे किंवा चुंबकत्वाचे.

२/ वीज आणि चुंबकत्व म्हटले की लोकांना मायकेल फॅरेडे आठवत. खुलाशासाठी लोक त्यांच्याकडेच वळले. फॅरेडे स्वतः जाहीर व्याख्यानांचेच अपत्य होते. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना, १८१२ मध्ये, त्याने हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. पुढच्याच वर्षी तो त्यांचा साहाय्यक झाला.

३/ त्यामुळे लोकांना हसण्याऐवजी फॅरेडेंनी प्रयोग मांडला. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचून त्यांच्यामध्ये मेणमिश्रित मऊ गोळ्या ठेवल्या आणि ही चळत मेज व हात यांच्यामध्ये सरकवली. हात मेजामागून ओढले जात असतील, तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला हवा. प्रत्यक्षात वरचा पुठ्ठाच पुढे गेला होता. म्हणजे आधी हात, मागून मेज.

४/ मग त्यांनी हातांची सूक्ष्म हालचाल दाखवणारा एक काटा बसवला. काटा नजरेआड असताना मेज सरके. तोच काटा बसणाऱ्यांना दिसू लागताच मेज जागचे हलेना! ही माणसे लबाड नव्हती. आपण मेज ढकलतो आहोत, हे त्यांनाच ठाऊक नव्हते.

५/ जून १८५३ च्या अखेरीस फॅरेडेंनी हा निष्कर्ष ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून जाहीर केला. तरीही छंद ओसरला नाही. दोष शिक्षणपद्धतीत आहे, असे त्यांनी त्याच पत्रात बजावले होते. १८५४ मध्ये त्यांनी याच विषयावर व्याख्यान दिले. स्वतःच्या इच्छेला अनुकूल असलेल्या पुराव्याकडे अधिक संशयाने पाहावे, हा त्याचा गाभा होता.

६/ आपल्याकडे प्लँचेटची वाटी आजही ‘आपोआप’ सरकते. तिच्यावर बोट ठेवणाऱ्याला नुसते उत्तर पुरत नाही. त्याच्यासमोर काटा ठेवावा लागतो. विज्ञान लोकांपर्यंत नेणे म्हणजे निष्कर्षाबरोबर तपासण्याची रीतही त्यांच्या हाती देणे.