एनिॲकच्या सहा जणी

‘कॉम्प्युटर’ हा शब्द आज यंत्राचा वाचक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्ये अनेक तरुणी तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके तयार करीत. एका मार्गाचे गणित हाताने करावयास तीस-चाळीस तास लागत. त्यांच्यातूनच १९४५ साली सहा जणींची निवड ‘एनिॲक’ या नव्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रासाठी झाली: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बायलस आणि रूथ लिक्टरमन.

यंत्र सुमारे ३० टनांचे, नलिका जवळजवळ १८,०००. ते चालवावे कसे, याचे पुस्तक कोणी लिहिलेलेच नव्हते. त्यातून गुप्ततेच्या नियमामुळे आरंभी या तरुणींना यंत्राच्या दालनात पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती. हाती आले ते केवळ आराखडे. त्यांवरून आणि अभियंत्यांना प्रश्न विचारून त्यांनी न पाहिलेले यंत्र समजून घेतले. आज प्रोग्रॅमरचे काम म्हणजे आज्ञा लिहिणे, असे समजले जाते. येथे लिहिणे जवळजवळ नव्हतेच. तारा जोडावयाच्या आणि कळा फिरवावयाच्या. खरी कसोटी त्याआधीची होती. समीकरण बारीक पायऱ्यांत फोडायचे, कोणती पायरी यंत्राच्या कोणत्या भागाने केव्हा पार पाडायची हे ठरवायचे, आणि उत्तर चुकले तर दोष आपल्या विचारात आहे की एखाद्या नलिकेत, याचा छडा लावायचा. पुढे पुढे त्या नेमकी निकामी नलिका दाखवून देत. सरकारी दप्तरी मात्र त्यांची श्रेणी व्यावसायिकांहून खालची होती. दप्तरातील श्रेणी आणि प्रत्यक्षातील काम यांची गाठ क्वचितच पडते!

१५ फेब्रुवारी १९४६ रोजी जाहीर प्रात्यक्षिक ठरले. आदल्या रात्री असे आढळले, की गोळा जमिनीवर आदळल्यानंतरही गणित थांबत नाही. हिशेबातला गोळा खुशाल भूगर्भात शिरत आहे. जेनिंग्ज आणि स्नायडर हताश होऊन घरी गेल्या. झोपेतून उठताना स्नायडरला उलगडा झाला. सकाळी येऊन तिने एकच कळ फिरवली. प्रात्यक्षिकात, ज्या गोळ्याला लक्ष्य गाठण्यास ३० सेकंद लागावयाचे, त्याचा मार्ग यंत्राने २० सेकंदांत काढला.

त्या रात्रीच्या मेजवानीचे निमंत्रण या सहा जणींना नव्हते. छायाचित्रांखाली त्यांची नावेही आली नाहीत. १९८०च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने, या स्त्रिया कोण, असे विचारले, तेव्हा त्या शोभेसाठी उभ्या केलेल्या असाव्यात, असे उत्तर तिला मिळाले. तिने मात्र त्यांचा शोध सोडला नाही. १९९७ साली तंत्रज्ञानातील स्त्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने सहाही जणींचा गौरव केला. लिक्टरमन १९८६ मध्येच निवर्तल्या होत्या. त्यांचा सन्मान स्वीकारावयास त्यांचे पती आले.