चौसष्ट घरांचे अक्षर

१९८०च्या दशकातील घरगुती संगणक सुरू केला, की पडद्यावर कंपनीचे नाव येई आणि यंत्र वाट पाहत थांबे. निवडायला चित्रे नाहीत, यादी नाही. बेसिक भाषेत आपण जी आज्ञा टाइप करू तेवढीच ते पाळणार. या कोऱ्या पडद्याला कंटाळून बरेच जण उठून गेले. जे बसून राहिले, त्यांतून संगणकाचे छांदिष्ट तयार झाले.

आपल्याकडे हे यंत्र दोन वाटांनी आले. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला आणि सुरुवातीला २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक दिले. दुसरी वाट सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रमची. ब्रिटनमध्ये तो एप्रिल १९८२ मध्ये १२५ पौंडांपासून मिळू लागला. दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तो भारतातही आणला. पडदा म्हणजे घरातला टीव्ही आणि साठवण म्हणजे घरातला टेपरेकॉर्डर, हे त्याचे खरे आकर्षण.

वीज गेली की स्मृतीतले सारे पुसले जाई. म्हणून लिहिलेला प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात उतरवून ठेवायचा. स्पेक्ट्रमच्या पद्धतीत १ या अंकाचा ध्वनी ० च्या ध्वनीच्या दुप्पट वेळ चाले. ४८ किलोबाइट स्मृती भरायला सुमारे पाच मिनिटे लागत, आणि मध्ये एक जरी अंक चुकीचा वाचला गेला तर शेवटच्या ताळ्यात चूक उघड होई. मग पुन्हा पहिल्यापासून! टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू किंचित फिरवून आवाज स्वच्छ करणे, ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती.

या यंत्राला मराठी येत नव्हती. समजा, नळदुर्गच्या एखाद्या मुलाला आपल्या गावाचे नाव पडद्यावर आणायचे आहे. (पाणीमहालाचे चित्र नंतर!) स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याने स्वतः रेखाटायच्या चिन्हांसाठी २१ जागा होत्या. प्रत्येक चिन्ह आठ ओळी आणि आठ स्तंभांचे, म्हणजे ६४ घरांचे. हे काम चौकटींच्या वहीत आजही करता येईल. वर्गात जरूर करून पाहा. भरलेले घर १, रिकामे घर ०. प्रत्येक ओळ ही आठ अंकी द्विमान संख्या, म्हणून तिची किंमत ० ते २५५ यांच्या दरम्यान. शिरोरेषेची ओळ पूर्ण भरलेली, म्हणजे २५५. शेजारची चिन्हे एकमेकांना चिकटून उमटत असल्याने शिरोरेषा आपोआप अखंड जुळते. आमचा 'न' असा झाला: ०, २५५, २, १२६, ९८, २, ०, ०. या आठ संख्या 'पोक' आज्ञेने स्मृतीत ठेवल्या की इंग्रजीच्या एका कळीवर 'न' उमटतो.

पहिली ओळ रिकामी का सोडली? कारण शेवटी 'र्ग' आहे आणि रफार शिरोरेषेच्या वर बसतो. 'दु'च्या उकारासाठी खालच्या दोन ओळी राखाव्या लागतात. मग अक्षराच्या अंगाला उरतात चारच ओळी. त्यात 'ळ'ची दोन वर्तुळे बसवताना घाम फुटतो, आणि एका ओळीतला रफार अनुस्वारासारखा दिसून 'नळदुर्ग'चे 'नळदुगं' होते. उपाय म्हणजे प्रत्येक अक्षर वर-खाली दोन चिन्हांत रेखाटायचे. पण मग चार अक्षरांना आठ चिन्हे लागतात आणि २१ जागांतल्या १३ उरतात. तेवढ्यात बाराखडी सोडाच, मुळाक्षरेही मावत नाहीत. आमच्या मते खरा छांदिष्ट इथे घडला. जागा अपुरी पडल्यावर जुनी चिन्हे पुसून त्याच जागी नवी भरण्याची युक्ती त्याला स्वतःच शोधावी लागली.

तरीही ही सगळी चित्रेच होती. 'र्ग'मध्ये 'र' आहे, हे यंत्राला ठाऊक नव्हते. त्यामुळे शब्द शोधणे किंवा अकारविल्हे लावणे अशक्य. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये 'इस्की' हे मानक आले, त्यात चित्राऐवजी उच्चाराचा क्रम साठवला गेला. आजच्या युनिकोडमध्येही 'नळदुर्ग'चे सात संकेत होतात: न, ळ, द, उकार, र, हलन्त, ग. रफार कोणत्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे पडद्यावर अक्षर रेखाटण्याच्या वेळी ठरते.