काशीचे ग्रंथालय आणि आपली मुक्त टिपणे : शिक्षणसामग्री वाटून घेण्याचा एक इतिहास

प्रास्ताविक

हे टिपण तुम्ही बहुधा मोबाइलवर वाचत आहात. त्यासाठी तुम्हाला शुल्क भरावे लागले नाही की कोणाचे शिफारसपत्र आणावे लागले नाही. ही सोय जेमतेम पंचवीस वर्षांची आहे. पण तिच्यामागचे प्रश्न फार जुने आहेत. शिकवण्याचे साहित्य कोणाच्या मालकीचे? ते किती जणांपर्यंत पोचावे? आणि ते टिकवायचे कोणी? या पाठात आपण हे प्रश्न वाराणसी या एका शहराच्या आणि तेथे जाऊन राहिलेल्या मराठी माणसांच्या आधाराने पाहणार आहोत.

मी इतिहासाचा नव्हे, अभियांत्रिकीचा शिक्षक आहे. या विषयाकडे मी वळलो तो एका नुकसानीमुळे. काही वर्षांपूर्वी स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स या विषयाची माझी सगळी टिपणे मी ज्या महाविद्यालयात होतो तेथील सर्व्हरवर ठेवली होती. आकृत्या, सोडवलेली उदाहरणे, जुन्या प्रश्नपत्रिका, सारे काही तेथेच. एका सुट्टीत यंत्र बदलले आणि टिपणे गेली. माझ्याकडे दुसरी प्रत नव्हती. पुढे एका माजी विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर दोन प्रकरणे सापडली, तेवढीच वाचली. ज्याने विचारून वा न विचारता प्रत करून घेतली, त्याच्यामुळेच ती उरली. त्यानंतर कवींद्राचार्यांच्या ग्रंथालयाची हकीकत वाचनात आली आणि ती मला ओळखीची वाटली.

१. गोदातीरावरून गंगातीरावर

सोळाव्या शतकापासून महाराष्ट्रातील अनेक विद्वान घराणी काशीला स्थायिक झाली. पैठणचे रामेश्वर भट्ट हे त्यांतले एक प्रमुख नाव. त्यांचे पुत्र नारायण भट्ट यांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला. याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला, हे आपण शाळेतच शिकतो.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचे नाव नीलकंठ चतुर्धर यांचे. हे घराणे गोदावरीकाठच्या कोपरगावचे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीत राहून नीलकंठांनी महाभारतावर ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. लिहिण्याआधी त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतून महाभारताच्या अनेक पोथ्या मिळवल्या आणि त्यांतून आपल्याला योग्य वाटणारे पाठ निवडले. हाताने नकललेल्या पोथ्यांत प्रत्येक लेखकाच्या चुका मिसळत जातात. कोणी समासातील टीप मूळ मजकुरात घुसवतो, तर कोणी ओळ गाळतो. त्यामुळे नुसत्या पोथ्या जमवून भागत नव्हते. त्या शेजारी शेजारी ठेवून तपासणारा माणूस लागत होता. नीलकंठांची संहिता आणि टीका पुढे दूरवर नकलली गेली आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत छापली गेली. हेच काम आधुनिक पद्धतीने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने केले. त्यांच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले.

आज एकाच विषयाची पाच टिपणे पाच ठिकाणी मिळतात आणि सूत्रातील उणे चिन्ह एका टिपणातून दुसऱ्या टिपणात गळते. तेव्हा आपणही त्याच जागी उभे असतो जेथे नीलकंठ होते.

२. ग्रंथ पांगले, यादी उरली

कवींद्राचार्य सरस्वती हेही मूळचे गोदातीरीचे. सतराव्या शतकात काशीतील पंडितांत त्यांना मोठा मान होता. काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर बादशहा शाहजहानने त्यांच्या रदबदलीमुळे उठवला. त्याबद्दल देशभरच्या पंडितांनी त्यांच्या गौरवार्थ लिहिलेल्या संस्कृत रचनांचा संग्रह ‘कवींद्रचंद्रोदय’ या नावाने प्रसिद्ध आहे.

त्यांचा ग्रंथसंग्रह प्रचंड होता. फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निये काशीला आला तेव्हा तेथील प्रमुख पंडिताने त्याला आपले ग्रंथालय दाखवले आणि इतर पंडितांशी त्याची चर्चा घडवून आणली. पोथ्यांनी भरलेल्या एका मोठ्या दालनाचा उल्लेखही त्याने केला आहे. हा पंडित म्हणजे कवींद्राचार्यच असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

आज ते ग्रंथालय नाही. कवींद्राचार्यांनंतर पोथ्या पांगल्या. त्यांच्या नावाची मालकीची नोंद असलेल्या पोथ्या बिकानेरच्या अनूप संस्कृत ग्रंथालयासह निरनिराळ्या संग्रहांत सापडतात. मात्र ग्रंथांची यादी उरली. ती ‘कवींद्राचार्यसूचीपत्र’ या नावाने १९२१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापली गेली. तिच्यात दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर उभा असलेला संग्रह त्या व्यक्तीबरोबर संपू शकतो. मग तो पोथ्यांचा असो वा सर्व्हरवरचा. दुसरी अशी की, यादी ही दुय्यम गोष्ट नाही. त्या पानांवर मालकाचे नाव नसते आणि ही सूची नसती, तर एके काळी काय एकत्र होते हे आज सांगता आले नसते.

व्यक्तीऐवजी संस्थेने जबाबदारी घेतली तर काय होते, याचे उदाहरणही त्याच शहरात आहे. १७९१ मध्ये स्थापन झालेली संस्कृत पाठशाळा पुढे संस्कृत महाविद्यालय झाली आणि आज ती संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. तिच्या सरस्वती भवन ग्रंथालयात सुमारे लाखभर हस्तलिखिते आहेत.

३. बापूदेव शास्त्री : पाठ्यपुस्तके विद्यार्थ्याच्या भाषेत

याच संस्कृत महाविद्यालयात १८४२ मध्ये एका तरुण मराठी गणितज्ञाची नेमणूक झाली. त्यांचे नाव नृसिंह ऊर्फ बापूदेव शास्त्री परांजपे. जन्म १८२१ चा. नागपुरात त्यांचे गणिताचे शिक्षण चालू असताना भोपाळ दरबारातील ब्रिटिश अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या नजरेत ते भरले. विल्किन्सन यांनी त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले. भारतीय विद्यार्थ्याला नवे खगोलशास्त्र शिकवायचे असेल तर सिद्धांतग्रंथांचे बोट धरून शिकवावे, असे विल्किन्सन यांचे मत होते. त्यावर १८३४ मध्ये त्यांनी एक लेखही प्रसिद्ध केला होता.

बापूदेवांनी हे काम आयुष्यभर केले. सूर्यसिद्धांताचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आणि सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायाचा विल्किन्सन यांनी केलेला व बापूदेवांनी तपासलेला अनुवाद १८६१ मध्ये कोलकात्याहून निघाला. पण विद्यार्थ्यांसाठी त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी बीजगणितासारख्या विषयांवर हिंदीत आणि संस्कृतात पाठ्यपुस्तके लिहिली. घरात मराठी बोलणारा हा शिक्षक वर्गातल्या मुलांच्या भाषेत पुस्तक लिहीत होता. साधारण त्याच काळात पुण्यात केरो लक्ष्मण छत्रे मराठीत गणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके तयार करत होते. काशीत बापूदेवांच्या जागेवर पुढे आलेल्या सुधाकर द्विवेदी यांनी कलनशास्त्रावर ‘चलनकलन’ हे हिंदी पुस्तक लिहिले. प्रादेशिक भाषेत उच्च गणित शिकवता येत नाही असे आजही ऐकू येते. ते शिकवले गेले आहे.

१८६६ पासून या महाविद्यालयाने ‘द पंडित’ हे मासिक काढले. दुर्मीळ संस्कृत ग्रंथ त्यात क्रमाक्रमाने छापले जात. मासिकाला वर्गणी होती, म्हणजे ते मोफत नव्हते. तरी एक मोठा बदल झाला. जी पोथी पाहायला काशीला जावे लागे, ती आता टपालाने पुण्यात येऊ लागली.

४. दार कोणासाठी उघडे होते?

येथे थांबून एक अप्रिय गोष्ट नोंदवली पाहिजे. काशीचे पंडित आपापसांत पोथ्या देत-घेत होते, पण ही देवाणघेवाण एका वर्तुळातच होती. बहुसंख्य जातींना आणि स्त्रियांना त्या वर्तुळात जागा नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतील शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना संस्कृत शिकता आले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुण्यात १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना कोणत्या विरोधाला तोंड द्यावे लागले, हे आपल्याला माहीत आहे.

म्हणून एखादे भांडार ‘मुक्त’ आहे असे कोणी म्हटले की लगेच विचारावे, कोणासाठी? आज जातीचे नाव घेऊन कोणी दार लावत नाही. पण ज्याच्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो वडील कामावर घेऊन जातात, त्या विद्यार्थ्यासाठी एका तासाचा व्हिडिओ किती मुक्त आहे? ज्या मुलीने बारावीपर्यंत मराठीत विज्ञान वाचले, तिच्यासाठी केवळ इंग्रजीत असलेले व्याख्यान किती मुक्त आहे?

५. नवे भांडार

२००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य आंतरजालावर मोफत ठेवण्याची घोषणा केली. २००२ मध्ये युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले.

भारतात २००३ मध्ये एनपीटीईएल हा प्रकल्प सुरू झाला. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, गुवाहाटी आणि रुरकी येथील सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अशा आठ संस्था त्यात होत्या. वाराणसी त्यात नव्हती. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९१९ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण चालू होते, पण त्या संस्थेला आयआयटीचा दर्जा मिळाला तो २०१२ मध्ये. तरीही तेथील विद्यार्थ्याला मद्रासच्या प्राध्यापकाचे व्याख्यान त्याच दिवशी ऐकता येत होते आणि आमच्या लहान गावातल्या विद्यार्थ्यालाही. यादीत नाव असणे आणि साहित्य हाती पडणे यांतला संबंध या प्रकल्पाने सैल केला.

पुढे २०१७ मध्ये स्वयम् हे व्यासपीठ सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक पदवीत धरण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणकप्रणालींचे छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिले. २०२१ मध्येच पाच भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवण्यास १४ महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवड येथे संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्यासाठीची पुस्तके मोफत उतरवून घेण्याची सोय केली. बापूदेवांनी हाती घेतलेले काम अजून चालू आहे, असे म्हणायला हरकत नाही.

६. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’

हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. फुकट म्हणजे पैसे न देता पाहता येणे. मुक्त म्हणजे त्याहून जास्त. साहित्य जवळ ठेवता येणे, वर्गात वापरता येणे, त्यात बदल करता येणे, दुसऱ्या साहित्याशी जोडता येणे आणि ते पुढे वाटता येणे, असे पाच हक्क त्यात मोडतात. कवींद्राचार्यांचे दालन पाहुण्याला पाहता येत होते, तेवढ्याने ते टिकले नाही. नीलकंठांची टीका लोकांनी नकलून घेतली, म्हणून ती टिकली. परवान्याची एक ओळ महत्त्वाची असते ती यासाठी. ती ओळ नसेल तर साहित्य समोर दिसत असूनही त्याचे भाषांतर करून वाटण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

आता मुक्त साहित्य वापरताना पाळायच्या चार गोष्टी पाहू.

• परवाना वाचा आणि मूळ लेखकाचे नाव लिहा. कवींद्राचार्यांच्या पोथ्या आज ओळखू येतात त्या पानावरील नावामुळेच.
• एकाच टिपणावर विसंबू नका. किमान दोन स्रोत ताडून पाहा आणि फरक दिसला तर पाठ्यपुस्तक उघडा.
• जे उपयोगी वाटते त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. दुवा म्हणजे प्रत नव्हे.
• चूक सापडली तर कळवा. समजलेला भाग आपल्या भाषेत लिहून परवाना असेल तेथे परत जोडा.

समारोप

माझी हरवलेली टिपणे मी पुन्हा लिहिली. या वेळी परवान्यासह तीन ठिकाणी ठेवली आणि सोबत प्रकरणांची यादीही जोडली. गेल्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने नमन आघूर्णाच्या आकृतीतील माझी चूक कळवली. ती चूक सर्व्हरवरच्या जुन्या टिपणातही असणार, पण ते टिपण आमच्या वर्गाबाहेर कोणी पाहिलेच नव्हते.

विचारासाठी प्रश्न

१. कवींद्राचार्यांचे ग्रंथालय आणि नीलकंठांची टीका यांच्या टिकण्यातील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘द पंडित’ मासिकाला वर्गणी होती. तरीही ज्ञानप्रसारात त्याचे स्थान महत्त्वाचे का मानावे?
३. तुम्ही या सत्रात वापरलेल्या एका मोफत अभ्याससाहित्याचा परवाना शोधा. वरील पाच हक्कांपैकी कोणते हक्क तो देतो?
४. तुमच्या महाविद्यालयातील कोणते साहित्य आज एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत आहे? त्याची यादी करा.