मनूला काय शिकवायचे?

आमच्या शब्बाथ शाळेत आईबापांचा मान राखण्याची आज्ञा मुलांकडून सगळ्यांत आधी घोकून घेतात. मीही वर्षानुवर्षे घोकून घेतली. पण इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल मुलांपाशीच थांबत नाही. लगेच तो बापांकडे वळतो आणि मुलांना चिडवू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा, अशी ताकीद देतो. ज्या रोमी कायद्याने बापाला लेकरांच्या जिवावरही हक्क दिला होता, त्या राज्यात ही ताकीद साधी नव्हती. आमच्या पालकसभांत मात्र हा भाग घाईने उरकतात.

आईबापांचे कर्तव्य म्हटले की मला पंडिता रमाबाईंचे वॉन्टेजचे भांडण आठवते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातल्या वॉन्टेज गावी रमाबाईंचा आणि त्यांच्या अडीच वर्षांच्या मनोरमेचा, म्हणजे मनूचा, बाप्तिस्मा झाला. नवरा जाऊन दीड वर्ष होऊन गेले होते. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या धर्ममाता. पत्रांत रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या आणि मनू काही काळ वॉन्टेजला सिस्टरांकडे राहिली. तिथून ठिणगी पडली.

अँग्लिकन रिवाजात तान्ह्या लेकराच्या बाप्तिस्म्याला धर्मपालक उभे राहतात आणि त्याला मतांगीकार, प्रभूची प्रार्थना व दहा आज्ञा शिकवण्याची जबाबदारी पत्करतात. म्हणजे लेकरू नुसते आईचे राहत नाही, मंडळीचेही होते. सिस्टरांना हे उघड वाटत होते. रमाबाईंना त्रैक्याचा सिद्धान्त पटत नव्हता, आणि जे आपल्याला पटलेले नाही ते आपल्या परस्पर मुलीच्या डोक्यात भरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मनू आपल्या देशातल्या माणसांना परकी होऊ नये, हाही त्यांचा आग्रह. सिस्टरांना यात अहंकार दिसला.

मला वेगळे दिसते. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवले, आणि त्या लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. लेकराची पहिली गुरू आईच, हे रमाबाई चर्चमध्ये शिकल्या नव्हत्या. तरी ते चर्चच्या शिकवणीबाहेरचेही नव्हते. 1529 च्या लघु प्रश्नोत्तरावलीत ल्यूथरने मुख्य भागांच्या शीर्षकांतच लिहून ठेवले की हे घरच्या कर्त्याने घरातल्यांना शिकवावे. शिकवण्याचे ओझे ज्याच्या खांद्यावर, काय शिकवायचे हे ठरवताना त्यालाही विचारायला हवे.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1889 साली मुंबईत रमाबाईंनी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेले. तिथल्या विधवा मुली हिंदू घरांतल्या होत्या आणि त्यांच्या धर्माला हात लावायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई मनूला घेऊन आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडे असे, मुली येऊन बसत. 1893 मध्ये पुण्यात वादळ उठले. पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आमच्या लेकींना आमच्या परस्पर काय शिकवता, हाच पालकांचा सवाल होता. आठ वर्षांपूर्वी तोच सवाल रमाबाईंनी वॉन्टेजला विचारला होता.

आपण कोणाला बोलावले नाही, दार तेवढे लावणार नाही, ही रमाबाईंची बाजू. मला ती पटते. पण वॉन्टेजला मनू ज्या घरात राहत होती तिथे रोज उपासना होत असे, दारे तिथेही उघडीच होती, आणि सिस्टरांनी हेच उत्तर दिले असते तर रमाबाईंनी ते मानले नसते.