जलपर्णी खाणारा किडा उद्या भातावर येईल का?



भिवंडीत कामवारी नदीवर जलपर्णी पसरली की एक चर्चा हमखास निघते. मशीन लावून काढण्यापेक्षा तिला खाणारे भुंगेरे सोडा. लगेच दुसरा विचारतो, "नदीतलं संपलं की ते आपल्या खाचरात नाय का शिरणार?" प्रश्न रास्त आहे. वर्षाचं पीक एकच, ते गेलं तर कोण भरून देणार? म्हणून जुने दाखले बघू.

पहिला दाखला १७९५ चा. कंपनी सरकारला लाल रंग देणारा किडा हवा होता. ब्राझीलहून कलकत्त्याला आणला, तो निघाला भलत्याच जातीचा. रंगाचं काम फसलं, पण त्याने एका जातीचा निवडुंग साफ केला. फड्या निवडुंगाला मात्र तो लागला नाही. त्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून त्याचाच भाऊबंद दुसरा किडा दक्षिणेत आणावा लागला. म्हणजे सख्ख्या निवडुंगातसुद्धा किडा फरक करतो.

दुसरा दाखला केरळचा. कुट्टनाडच्या भातशेतीत आणि कालव्यांत साल्विनिया नावाचं तरंगतं तण माजलं होतं. त्याला खाणारा बारीक सोंड्या भुंगेरा ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये सोडला होता, तिथे त्याने काम केलं. मग तो १९८२-८३ च्या सुमारास भारतात आला. केरळात तण आणि भात एकाच पाण्यात. भुंगेऱ्याने तण खाल्लं, भात सोडला.

आता आपली जलपर्णी. ती मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली. तिचे दोन सोंडे भुंगेरे अमेरिकेत फ्लोरिडाला १९७२ आणि १९७४ मध्ये सोडले गेले. तिथून १९८२-८३ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत आले. आणले आणि सोडले असं झालं नाही. आधी बंद जागेत वेगवेगळ्या पिकांवर ठेवून पाहिले. अशा चाचणीत तणाच्या जवळच्या नात्यातली झाडं आधी घेतात, कारण धोका पहिला त्यांनाच. मग लांबची पिकं.

देठ पोखरणारी अळी म्हटलं की आपल्याला भाताचा खोडकिडा आठवतो आणि धडकी भरते. पण हिची रीत वेगळी. मादी जलपर्णीच्या फुगीर देठात अंडी घालते, अळी देठ पोखरत खाली गड्ड्यापर्यंत जाते. मग पाण्यात लोंबणाऱ्या जिवंत मुळ्यांवर, त्यांच्याच तंतूंचा कोष करून राहते. ही सोय भाताच्या रोपावर नाही. भुंगेरा चुकून भातावर बसला तरी त्याचा वंश तिथे चालत नाही. खाऊन बघणं वेगळं आणि संसार थाटणं वेगळं.

हाच फरक गाजरगवताच्या मेक्सिकन भुंगेऱ्यावेळी कळला. १९८३ मध्ये आणला, १९८४ पासून सोडला. नव्वदीच्या सुरुवातीला तो सूर्यफुलाची पानं खाताना दिसला आणि गदारोळ झाला. सोडणं थांबलं, चौकशी झाली. पानांवर गाजरगवताचे परागकण पडले होते म्हणून तो तिथे ओढला गेला, असं निघालं. शिवाय गाजरगवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले. जलपर्णी आणि भात तसे नाहीत.

मग भुंगेरे आणले की कामवारी साफ? तसं समजू नका. भुंगेऱ्याला दोन-चार वर्षं लागतात आणि साचलेलं पाणी लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात पूर जलपर्णीसकट भुंगेरे खाडीत वाहून नेतो. शहराचं सांडपाणी मिळालं की जलपर्णी खाल्ल्यापेक्षा जास्त वेगाने वाढते. मध्येच फवारणी केली किंवा सगळीच काढली तर भुंगेऱ्याचं घर जातं. तलावात एक कडा त्याच्यासाठी राखावी लागते.

एक काम आज करा. जलपर्णीचं पान उलटसुलट बघा. नखाने खरवडल्यासारखे बारीक चौकोनी डाग दिसले तर भुंगेरा आधीच आलेला असू शकतो. फोटो काढून कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. अनोळखी किडा मात्र स्वतःच्या मनाने कुठून आणून सोडू नका. १७९५ ला निवडुंग गेला ते नशीब, पीक गेलं असतं तर?