सुट्टीची विमाने व सरकारी परवाना : ब्रिटनमधील एक संघर्ष (१९४६–१९८२)

विमानवाहतुकीच्या इतिहासात यंत्रांची प्रगती जितक्या ठळकपणे नोंदली जाते तितकी परवान्यांची कथा नोंदली जात नाही. कोणते विमान किती वेगाने व किती उंचीवरून गेले हे ग्रंथकार आवर्जून सांगतात. परंतु ते विमान अमुक गावी नेण्यास कोणी अनुमती दिली, कोणी हरकत घेतली आणि भाडे कोणी ठरविले, हे प्रश्न बहुधा कार्यालयीन दप्तरांतच पडून राहतात. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सामान्य मिळकतीच्या माणसाला विमानात बसता येईल की नाही, हे यंत्रशास्त्रापेक्षा परवानाशास्त्रानेच अधिक ठरविले. ब्रिटनमधील सुट्टीच्या हवाई सहलींचा इतिहास हे याचे उत्तम उदाहरण होय.

१. पार्श्वभूमी

प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण स्वामित्व आहे, हे तत्त्व डिसेंबर १९४४ मधील शिकागो करारात नमूद झाले. त्याच कराराने विमानवाहतुकीचे दोन वर्ग मानले. वेळापत्रकानुसार चालणाऱ्या नियमित सेवेला संबंधित राष्ट्राची विशेष अनुमती आवश्यक ठरली. अनियमित उड्डाणांना काही सवलत मिळाली, परंतु तीही राष्ट्रांनी घातलेल्या निर्बंधांच्या अधीन राहिली. पुढे फेब्रुवारी १९४६ मध्ये ब्रिटन व अमेरिका यांच्यात बर्म्युडा येथे करार झाला व द्विपक्षीय करारांनी मार्ग वाटून घेण्याची पद्धती रूढ झाली. भाडी ठरविण्याचे काम १९४५ मध्ये हवाना येथे स्थापन झालेल्या विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाकडे, म्हणजे आयाटाकडे, आले. सरकारे त्या भाड्यांवर संमतीची मोहोर उठवीत.

ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने १९४६ चा नागरी विमानवाहतूक कायदा केला. या कायद्यान्वये नियमित सेवा चालविण्याचा अधिकार सरकारी महामंडळांपुरता राखून ठेवण्यात आला. दूरच्या मार्गांवर बी.ओ.ए.सी. व युरोपातील मार्गांवर नव्याने स्थापन झालेली बी.ई.ए. ही त्यांतील प्रमुख होत. (भारताने १९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने जी व्यवस्था स्वीकारली तिचे या रचनेशी असलेले साम्य सहज ध्यानात येण्यासारखे आहे.) खाजगी कंपन्यांना विमान संपूर्ण भाड्याने देण्याचा, म्हणजे चार्टरचा, व्यवसाय तेवढा मोकळा राहिला.

याच सुमारास दोन गोष्टी एकत्र आल्या. १९३८ च्या पगारी सुट्ट्यांच्या कायद्यामुळे सुरू झालेली प्रथा युद्धानंतर सर्वत्र पसरली, आणि कारखान्यातील कामगारालाही वेतनासह सुट्टी मिळू लागली. दुसरीकडे युद्धात वापरलेली डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. १९४८–४९ च्या बर्लिनच्या हवाई पुरवठ्यात खाजगी कंपन्यांना भरपूर काम मिळाले होते. ते संपताच त्यांची विमाने रिकामी पडली. प्रवासी होते, विमानेही होती. अडसर होता तो अनुमतीचा.

२. कॅल्व्हीची अनुमती

हा अडसर ओलांडण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न व्लादिमीर रायट्झ यांनी केला. मॉस्को येथे जन्मलेले व रॉयटर या वृत्तसंस्थेत काम केलेले हे गृहस्थ कॉर्सिका बेटावरील कॅल्व्ही येथे सुट्टीला गेले असता, इंग्लंडमधून थेट विमान भाड्याने आणले तर अशी सुट्टी कितीतरी स्वस्त पडेल, असा हिशेब त्यांनी मांडला. १९४९ मध्ये त्यांनी होरायझन हॉलिडेज ही संस्था काढली व नागरी विमानवाहतूक मंत्रालयाकडे अर्ज केला. विमानप्रवास, तंबूतील निवास व भोजन मिळून त्यांनी ३२ पौंड १० शिलिंग असा एकच दर ठेवला होता.

मंत्रालयाने बराच काळ दाद दिली नाही. बी.ई.ए.च्या वाहतुकीस धक्का लागेल ही भीती त्याच्या मुळाशी होती. अखेर १९५० च्या वसंतात अनुमती मिळाली, परंतु ती एका विलक्षण अटीवर : या विमानातून केवळ विद्यार्थी व शिक्षक यांनाच नेता येईल. मे १९५० मध्ये गॅटविकहून पहिले डाकोटा कॅल्व्हीला गेले.

या अटीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सुरक्षिततेचा प्रश्न येथे नव्हता. तेच विमान शिक्षकास सुरक्षित व सुतारास असुरक्षित, असे कोणी म्हणू शकत नव्हते. प्रवासी जितका नेमका व मर्यादित, तितका महामंडळाचा तोटा कमी, एवढाच तिचा आशय होता. म्हणजे कोणत्या व्यवसायाच्या माणसाने समुद्रकिनारी विमानाने जावे हे सरकारी पत्राने ठरत होते.

१९५२ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने धोरण काहीसे सैल केले. हवाई वाहतूक सल्लागार मंडळापुढे खाजगी कंपन्यांना सुट्टीच्या सहलींसाठी अर्ज करता येऊ लागले, आणि त्याच वर्षी होरायझनच्या सहली माजोर्का बेटावरील पाल्मा येथे जाऊ लागल्या. तथापि महामंडळाच्या वाहतुकीला लक्षणीय धक्का लागू नये ही कसोटी कायमच होती. शिवाय परकीय चलनाची टंचाई होती. १९४७ मध्ये पर्यटनासाठी चलन देणे काही काळ संपूर्ण बंद करण्यात आले होते. १९५२ च्या आरंभी ही मर्यादा माणशी २५ पौंडांवर आणण्यात आली. अशा स्थितीत परदेशातील सुट्टीचा बेत करणाऱ्यास दोन दारे ओलांडावी लागत : एक परवान्याचे व दुसरे खजिन्याचे.

३. महामंडळाची बाजू

महामंडळाची भूमिका निव्वळ मत्सराची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. बी.ई.ए. वर्षभर सेवा चालवीत असे. उन्हाळ्यातील प्राप्तीतून हिवाळ्यातील तूट भरून निघे. स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश व बेटे यांकडील सेवा तर सततच्या तोट्यातच चालत. तेथील रहिवाशांना विमान ही चैन नव्हती. रुग्ण, टपाल व औषधे यांसाठी ती गरज होती. खाजगी कंपन्यांनी उन्हाळ्यातील भरलेली विमाने तेवढी उचलली, तर हा तोटा कोणी सोसावा, असा महामंडळाचा प्रश्न होता. एका बाजूस मँचेस्टरच्या कामगाराची पंधरवड्याची सुट्टी, दुसऱ्या बाजूस बेटावरील शेतकऱ्याचे विमान, असे हे द्वंद्व होते, आणि दोन्ही बाजूंस लोकहिताचेच नाव घेता येत होते. मात्र बेटावरील सेवेचा खर्च सुट्टीला जाणाऱ्याच्या तिकिटातूनच का वसूल व्हावा, सरकारी तिजोरीतून उघडपणे का नव्हे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कधी मिळाले नाही.

४. परवाना मंडळ व किमान दराचा नियम

१९६० च्या कायद्याने महामंडळांची कायदेशीर मक्तेदारी संपविली व हवाई वाहतूक परवाना मंडळ स्थापन केले. आता अर्जांची उघड सुनावणी होऊ लागली. अर्जदार व हरकतदार आपापली बाजू मांडू लागले. परंतु मंडळाच्या निर्णयावर मंत्र्याकडे अपील होत असे, आणि खरी सत्ता तेथेच राहिली. १९६१ मध्ये क्यूनार्ड ईगल या खाजगी कंपनीस लंडन–न्यूयॉर्क मार्गाचा परवाना मंडळाने दिला, बी.ओ.ए.सी.ने अपील केले व त्याच वर्षी मंत्री पीटर थॉर्नीक्रॉफ्ट यांनी तो रद्द केला. अर्ज, सुनावणी, निकाल ही न्यायालयीन विधी पूर्ण होऊनही शेवटचा शब्द राजकारणाचाच राहतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

सुट्टीच्या सहलींच्या बाबतीत याहून परिणामकारक ठरला तो एक साधा नियम. सहलीचा एकूण दर, म्हणजे विमान, हॉटेल व भोजन मिळून होणारी रक्कम, त्या स्थळाच्या नियमित सेवेच्या सर्वांत कमी परतीच्या भाड्याहून खाली असता कामा नये, असा तो नियम होता. पूर्ण भरलेल्या विमानामुळे माणशी खर्च कितीही खाली आला, तरी तो लाभ ग्राहकापर्यंत पोहोचविण्यास अशा रीतीने कायद्याने मज्जाव केला. विशेषतः हिवाळ्यात व छोट्या मुक्कामासाठी याचा जाच मोठा होता, कारण तेव्हा स्पेनमधील हॉटेले जवळजवळ रिकामी असत.

१९६६ मध्ये चलनमर्यादा पुन्हा माणशी ५० पौंडांवर आली. तिचा परिणाम मात्र अपेक्षेच्या उलट झाला. एकत्रित सहलीत विमानाचा खर्च ब्रिटिश चलनात दिला जाई व परदेशातील हॉटेलाचा घाऊक दर तेवढा मर्यादेत मोजला जाई. स्वतंत्रपणे प्रवास करणाऱ्यास ५० पौंड अपुरे पडत. सहलीत जाणाऱ्यास ते पुरून उरत. लोकांनी घरीच राहावे म्हणून घातलेल्या निर्बंधाने त्यांना सहल कंपन्यांच्या दारी नेऊन सोडले. १९७० च्या आरंभी ही मर्यादा उठली. किमान दराचा नियमही १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून शिथिल होत गेला व पुढील दशकाच्या आरंभी तो कालबाह्य झाला.

५. अटलांटिकवरील अर्ज

युरोपात मिळालेली ही मोकळीक अटलांटिकवर नव्हती. तेथे स्वस्त चार्टर विमानाने जाण्यासाठी प्रवाशाने किमान सहा महिने एखाद्या मंडळाचा सभासद असावे लागे, आणि त्या मंडळाचा उद्देश प्रवासाहून भिन्न असावा लागे. परिणामी नावापुरती असंख्य मंडळे निघाली. कायदा पाळणाऱ्यास महाग तिकीट व खोटे बोलणाऱ्यास स्वस्त तिकीट, अशी ही व्यवस्था होती.

१९६६ मध्ये स्वतःची कंपनी काढलेल्या फ्रेडी लेकर यांनी जून १९७१ मध्ये ‘स्कायट्रेन’चा अर्ज दाखल केला. आगाऊ आरक्षण नाही, तिकीट त्याच दिवशी घ्यावयाचे, भोजनाचे पैसे वेगळे, आणि सभासदत्वाची अट नाही, असे तिचे स्वरूप होते. परवाना मंडळाने अर्ज फेटाळला. १९७१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने मात्र १९७२ मध्ये परवाना दिला व पुढील वर्षी सरकारने लेकर यांची कंपनी बर्म्युडा कराराखाली नियुक्त केली. अमेरिकेची अनुमती रखडली असतानाच तेलाचे भाव चढले, वाहतूक घटली व ब्रिटनमध्ये सरकार बदलले. जुलै १९७५ मध्ये व्यापारमंत्री पीटर शोअर यांनी स्कायट्रेनला सेवा सुरू करू दिली जाणार नाही असे घोषित केले. त्यानंतर प्राधिकरणास उद्देशून नवे ‘मार्गदर्शन’ निघाले. त्यास संसदेच्या दोन्ही सभागृहांची संमतीही घेण्यात आली.

लेकर न्यायालयात गेले. डिसेंबर १९७६ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या अध्यक्षतेखालील अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मूळ कायद्याने सरकारी विमानमंडळाच्या नियंत्रणाबाहेरील निदान एका मोठ्या ब्रिटिश कंपनीस संधी मिळावी असे उद्दिष्ट सांगितले होते. मार्गदर्शनाने उद्दिष्टाचा अर्थ स्पष्ट करता येतो; उद्दिष्ट उलटविता येत नाही. तसेच कायद्याने दिलेला परवाना राजसत्तेचा विशेषाधिकार वापरून, म्हणजे कराराखालील नियुक्ती काढून घेऊन, निष्फळ करता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. सभागृहांची संमती असूनही मंत्र्याचे कृत्य अधिकाराबाहेरचे ठरले. सरकारने पुढे अपील केले नाही. जून १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांची संमती मिळाली व २६ सप्टेंबर १९७७ रोजी गॅटविकहून न्यूयॉर्कला पहिले विमान सुटले. भाडे होते ५९ पौंड. अर्जापासून उड्डाणापर्यंत सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

६. समारोप

५ फेब्रुवारी १९८२ रोजी लेकर यांची कंपनी कर्जात बुडाली. तत्पूर्वी, ऑगस्ट १९७४ मध्ये, कोर्ट लाइन व तिच्या सहल कंपन्या कोसळून हजारो प्रवासी परदेशात अडकले होते. या घटनांवरून परवानापद्धतीचा पक्ष खरा ठरला असे काहींना वाटेल. परंतु येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. प्रवाशाने आगाऊ भरलेले पैसे सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणारा परवाना वेगळा, आणि प्रस्थापित संस्थेचे उत्पन्न सुरक्षित आहे की नाही हे पाहणारा परवाना वेगळा. ब्रिटनने पहिल्या प्रकारचा परवाना १९७० च्या दशकात आणला. त्याआधीची पंचवीस वर्षे दुसऱ्या प्रकारचा परवानाच लोकहिताच्या नावाने चालत होता.

हा भेद महाराष्ट्र व गोवा यांच्या वाचकास परका नाही. १९८७ मध्ये जर्मनीच्या काँडोर कंपनीचे चार्टर विमान नौदलाच्या ताब्यातील दाबोळी विमानतळावर उतरले व गोव्यात या पर्यटनाचा आरंभ झाला. तेव्हा तेथे पाणी, किनारे व जमीन यांविषयी जो विरोध उमटला, त्याने एक तिसराच प्रश्न पुढे आणला. ब्रिटनमधील सुनावण्यांत विमानकंपन्या बोलल्या, महामंडळे बोलली, मंत्री बोलले. मात्र ज्या गावी विमान उतरावयाचे त्या गावास कोणी साक्षीला बोलाविले नव्हते. कॅल्व्ही, पाल्मा व दाबोळी येथील रहिवाशांचे म्हणणे परवान्याच्या दप्तरात शोधूनही सापडत नाही. सुट्टीच्या विमानांचा इतिहास पूर्णपणे लिहावयाचा तर ते अन्यत्र शोधावे लागेल.